ससा खात नाही: लेंडीपासून दाढेपर्यंत पोचलेलं एक प्रकरण

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या एका कुटुंबाने त्यांचा ससा दवाखान्यात आणला. नाव कापूस. नर, वय सुमारे चार वर्षं, पांढरा, लाल डोळ्यांचा. आपल्याकडे बाजारात सर्रास मिळतो तो. वजन १.८ किलो. तक्रार एका वाक्याची होती: काल संध्याकाळपासून तोंडात काही घेतलं नाही आणि रात्रभरात एकही लेंडी टाकली नाही.

सशाने बारा तास खाणं सोडलं तर आम्ही त्याला तातडीचा रुग्ण मानतो. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. सशाचं तसं नाही. त्याचं आतडं सतत हलतं राहण्यासाठीच घडलेलं आहे, आणि ते थांबलं की तासागणिक परिस्थिती बिघडत जाते. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण 'पोट धरलं', 'गॅस झाला' एवढ्यावर घरचे आणि कधी कधी डॉक्टरही थांबतात. आतडं स्वतःहून थांबत नाही. दुखणं, भीती, पाण्याची कमतरता, चाऱ्यात तंतू नसणं, यांपैकी काहीतरी त्याला थांबवतं. आतडं चालू केलं आणि कारण तसंच राहू दिलं, तर तोच ससा थोड्या दिवसांनी त्याच टेबलावर परत येतो. कापूसही परत आला.

घरच्यांनी काय काय पाहिलं होतं

सोबत तिघी होत्या: आजी, त्यांची सून आणि कॉलेजात शिकणारी नात. ससा नातीचा, पण खरी माहिती आजींकडे होती.

"गॅलरी रोज मीच झाडते, डॉक्टर," आजी म्हणाल्या. "आधी सुपलीभर निघायच्या. दसऱ्यानंतर कमी झाल्या आणि बारीक पण झाल्या. आणि परवा बघते तर दोन-दोन, तीन-तीन लेंड्या केसाने एकीला एक बांधलेल्या."

त्यांनी कागदात बांधून नमुना आणला होता. निरोगी मोठ्या सशाची लेंडी गोल, जवळपास सारख्या आकाराची, वाटाण्याएवढी, आणि बोटांत दाबली तर कोरड्या गवताच्या भुशासारखी फुटणारी असते. कागदातल्या लेंड्या निम्म्या आकाराच्या, काळपट, कडक होत्या. काही एका टोकाला निमुळत्या. मी एक फोडली. आत गवताचे धागे नव्हतेच, नुसता घट्ट काळा लगदा. म्हणजे आदल्या रात्री जे दिसलं त्याची सुरुवात दोन-तीन आठवडे आधी झाली होती, आणि ती आजींच्या झाडूला लागली होती.

बाकीचा इतिहास विचारत गेले तसा उलगडला. दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं, म्हणून गॅलरीतला पिंजरा आतल्या बोळात, वॉशिंग मशीनशेजारी आला. ऑनलाइन मागवायचं वाळकं गवत संपलं होतं आणि सणामुळे पार्सल अडकलं होतं. त्याऐवजी पेलेट्सचा, म्हणजे दळून-दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्यांचा, वाडगा भरून ठेवला जायचा. हिरव्यात कोथिंबीर. पाणी पिंजऱ्याला लावलेल्या बाटलीतून, आणि त्या बाटलीची नळी चोंदलेली निघाली. ते आठवड्यापासून की दोन आठवड्यांपासून, कोणालाच सांगता येईना. ससा विकणाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं की सशाला पाणी लागत नाही, दिलं तर सर्दी होऊन मरतो. हा समज महाराष्ट्रात गावोगाव आहे आणि त्याने बरेच ससे गेले आहेत. सशाला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते १५० मिली पाणी लागतं. ओला चारा भरपूर असेल तर तो वरून कमी पितो, एवढंच त्यातलं खरं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी समोरच्या दुकानांपुढे फटाक्यांच्या माळा लागल्या. कापूस मशीनच्या मागे शिरून मागचा पाय आपटत राहिला. पाहुण्यांच्या मुलांनी त्याला बाहेर काढण्यासाठी शंकरपाळे दाखवले. एक-दोन त्याने खाल्लेही. त्यानंतर कोथिंबिरीलाही तोंड लावलं नाही. रात्री तो अंग आखडून, पोट जमिनीला दाबून बसला होता आणि दात करकर वाजवत होता. लाड केल्यावर ससा हलकेच दात वाजवतो ते सुखाचं. हे करकरणं मोठं आणि थांबून थांबून येतं, आणि ते दुखण्याचं लक्षण आहे.

आजींनी हिंगाचं कोमट पाणी पोटाला चोळलं. यात विषारी काही नाही, पण ओलं झालेलं पोट गार पडतं आणि आधीच थंड पडत चाललेल्या जनावराला ते परवडत नाही. जवळच्या औषधाच्या दुकानातून लहान मुलांचे गॅसचे थेंब आणि अमॉक्सिसिलिनचं सिरप मिळालं. थेंब पाजले होते. सिरपची बाटली मात्र सुनेने न उघडता पर्समध्ये आणली होती. "अँटिबायोटिक आहे म्हणून म्हटलं आधी विचारू," त्या म्हणाल्या. मी त्यांना तिथेच सांगितलं की ताई, या एका गोष्टीने तुमचा ससा वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली.

अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे द्यायची नसतात. ती आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, त्या जागी क्लॉस्ट्रिडियम नावाचा जंतू वाढतो आणि त्याच्या विषाने ससा दोन-चार दिवसांत दगावू शकतो. माणसाच्या बाळाला चालतं ते सशाला चालेल, हा हिशेब इथे जीवघेणा ठरतो. (विषय निघालाच आहे म्हणून: कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंबही सशाला कधीच वापरू नका.)

तपासणी आणि पहिला मोठा प्रश्न

गुदद्वारातलं तापमान ३७.२ अंश सेल्सिअस आलं. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० च्या दरम्यान असतं. म्हणजे हा ससा गार पडला होता, आणि खाणं सोडलेल्या सशात मला तापापेक्षा गारठ्याची भीती जास्त वाटते. हिरड्या फिक्या, कातडी चिमटीत धरून सोडली की हळू खाली बसणारी. पोट हाताला मऊ, पण बरगड्यांच्या मागे पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी लागत होतं, ते जठर. स्टेथोस्कोपने आतड्याची गुरगुर ऐकू येते, इथे बराच वेळ कान देऊनही शांतता. मध्ये एकदाच, लांबून, एक बुडबुडा.

अशा वेळी ठरवायचं असतं ते हे, की आतडं मंदावलं आहे की कुठेतरी पूर्ण अडकलं आहे. दोन्हीत ससा खात नाही, दोन्हीत लेंडी थांबते, पण उपचार वेगळे. अडथळा असेल तर तोंडाने भरवणं आणि आतडं जोरात हलवणारी औषधं, दोन्हींमुळे जठर फुटू शकतं. सशाला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं पुढेच जायला हवं.

यासाठी दोन तपासण्या केल्या. पहिली रक्तातली साखर. कानाच्या कडेच्या शिरेतून एक थेंब पुरतो. सशात ती साधारण दीडशेपर्यंत असते. भीतीने आणि दुखण्याने थोडी वाढते. ती ३६० मिलिग्रॅमच्या वर गेली तर अडथळ्याचा दाट संशय घ्यायचा. कापूसची २१२ आली. दुसरी तपासणी एक्स-रे. अडथळ्यात जठर पाण्याने आणि वायूने टम्म फुगून गोल दिसतं. इथे जठर फार मोठं नव्हतं, आत सुकत चाललेला गोळा, त्याच्याभोवती वायूची कड, आणि मागे सीकममध्येही, म्हणजे आतड्याच्या मोठ्या पिशवीतही, वायू. म्हणजे आतडं मंदावलेलं होतं, अडकलेलं नव्हतं. सुनेने विचारलं, हा केसांचा गोळा तर नाही ना, पपईचा रस देऊ का? ससा रोज अंग चाटतो, त्यामुळे निरोगी सशाच्या जठरातही केस असतातच. पाणी कमी पडलं आणि आतडं मंदावलं की तेच केस आणि अन्न आटून घट्ट होतं. केस हे बहुतेक वेळा मंदावण्याचा परिणाम असतात. पपईतल्या किंवा अननसातल्या पाचकांनी केस विरघळत नाहीत, आणि त्या रसातल्या साखरेने सीकममधल्या नको त्या जंतूंचं फावतं.

तोंडही त्याच वेळी पाहिलं. पुढचे दात सरळ, बरोबर जुळणारे. कान तपासायच्या ओटोस्कोपने आत पाहिलं तर डाव्या बाजूच्या खालच्या दाढेला जिभेकडे टोक आल्यासारखं वाटलं. हनुवटीखालचे केस किंचित ओलसर. पण जागा असलेला ससा तोंडात फार पाहू देत नाही आणि ३७ अंशांवरच्या सशाला भूल देणं शक्य नव्हतं. दाढेची नोंद केसपेपरवर लाल शाईने करून ठेवली.

सशाच्या पोटात नेमकं काय चालतं

पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या भागातला. आपल्या माळावर दिसणारा काळ्या मानेचा ससा वेगळ्या जातीचा. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला घरी आणता येत नाही. पाळीव सशाचे पूर्वज निकस, कोरड्या गवतावर जगले, आणि त्याचं सगळं पचन त्या निकस गवताला धरून बसलेलं आहे.

गवत जठरातून आणि लहान आतड्यातून पुढे गेलं की मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला त्याची निवड होते. जाड, न पचणारे तंतू सरळ पुढे ढकलले जातात आणि कोरडी गोल लेंडी होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी उलट दिशेने मागे, सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत नेलं जातं. सशाचं सीकम त्याच्या जठराच्या जवळपास दहापट मोठं असतं. तिथे जंतू ते आंबवतात, आणि दिवसातून एक-दोनदा त्यातून मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्यांचा पुंजका तयार होतो. ससा तो थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन गिळतो. घाणेरडी सवय म्हणून त्याला रागावणारे लोक मी पाहिले आहेत. त्या लेंड्यांत प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात. ते त्याचं दुसरं जेवण आहे.

न पचणारा जाड तंतू हा पोषणासाठी नसून ढकलण्यासाठी असतो. तो आला नाही तर मोठ्या आतड्याला हलायला कारणच उरत नाही. पेलेट्समध्येही तंतू असतो, पण दळून बारीक केलेला. तो सीकममध्ये मागे जातो, ढकलण्याचं काम करत नाही. आणि निवडीचं हे सगळं काम ज्या नसांच्या आणि संप्रेरकांच्या ताब्यात असतं, त्यांच्यावर भीतीचा थेट परिणाम होतो. माळ लागली, अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढलं, आतडं थबकलं. निरोगी सशाचं थोड्या वेळाने परत सुरू होतं. कापूसचं आधीच कोरडं आणि मंद होतं, ते परत सुरू झालं नाही. मग वायू साठला, वायूने आतडं ताणलं, ताणाने दुखलं, दुखल्याने खाणं बंद, आणि खाणं बंद म्हणून आतडं आणखी थंड. हा फेरा लांबला की शरीर साठवलेली चरबी वापरायला घेतं आणि यकृतात चरबी भरते. तिथून परत आणणं फार अवघड असतं.

उपचार

आधी ऊब. गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंना, तापमान ३८ च्या वर येईपर्यंत. मग वेदनाशामक इंजेक्शन. घरच्यांना वाटत होतं की आधी 'पोट साफ होण्याचं' औषध हवं. दुखणं थांबल्याशिवाय ससा खात नाही आणि खाल्ल्याशिवाय आतडं चालत नाही, म्हणून मी दुखण्यापासून सुरुवात करते. औषधांच्या मात्रा इथे मुद्दाम देत नाही. वजन, किडनी आणि अंगातलं पाणी पाहूनच त्या ठरतात.

त्याबरोबर सलाईन, कोमट करून, शिरेतून. दिवसाला दर किलोमागे साधारण १०० मिली, वर जेवढी तूट आहे तेवढं. जठरातला सुकलेला गोळा मऊ व्हायला पाणीच लागतं, दुसरं काही नाही. आतडं हलवणारं औषध अडथळा नाही याची खात्री झाल्यावरच.

दुपारी तापमान ३८.६ झाल्यावर भरवायला घेतलं. गवताच्या भुकटीचं सशांसाठीचं तयार खाद्य बाजारात मिळतं. ते नसेल तर साध्या, धान्य नसलेल्या पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून, गाळून, सैल लगदा करता येतो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिली, दिवसातून चार वेळा. हे नातीला शिकवलं, कारण पुढचे काही दिवस तिलाच करायचं होतं. ससा टॉवेलात असा गुंडाळायचा की पुढचे पाय आत राहतील आणि मागच्या बाजूला आधार असेल. सशाने मोकळ्या हवेत मागची लाथ मारली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. सिरिंज समोरून घालायची नाही. पुढच्या दातांच्या मागे बाजूला मोकळी फट असते, तिथून आडवी घालायची आणि एका वेळी अर्धा मिली. मग थांबायचं. जबडा हलला, गिळलं, की पुढचा अर्धा. पहिल्या वेळी तिने घाईत थोडं जास्त दाबलं आणि हिरवा लगदा त्याच्या पांढऱ्या हनुवटीवरून तिच्या दिवाळीच्या नव्या कुर्त्यावर आला. "आता हळू, तो चघळतोय का बघ," एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिचा हात माझ्याइतका बसला होता.

पहिली लेंडी भाऊबीजेच्या पहाटे पडली. बारीक, काळी, केसांत अडकलेली, पण पडली. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतः गाजराचा पाला ओढला. चौथ्या दिवशी तो घरी गेला, गुंडाळलेल्या नव्या गवतासह आणि भरवण्याचं वेळापत्रक घेऊन. पाण्याची बाटली काढून जड मातीचं कुंडं ठेवायला सांगितलं. बहुतेक ससे कुंड्यातून जास्त पाणी पितात. आणि दोन आठवड्यांनी दाढांसाठी यायला सांगितलं.

परत आला तो

दोन आठवड्यांनी ते आले नाहीत. तो खात होता, उड्या मारत होता. भूल द्यायची म्हटल्यावर जीव कचरणं मला समजतं. तुळशीची लग्नं झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नातीने पाठवलेला व्हिडिओ माझ्याकडे आला. लेंड्या परत बारीक. या वेळी फटाके नव्हते, रंगकाम नव्हतं, पाणी भरपूर होतं, गवतही पिंजऱ्यात होतं. तो व्हिडिओ मी बऱ्याचदा पाहिला. कापूस गवताची काडी घ्यायचा, दोन-चार वेळा चावायचा, डोकं किंचित वाकडं करायचा आणि ओली काडी टाकून द्यायचा. कोथिंबिरीची पानं खाल्ली, देठ ठेवले. पेलेट मात्र कुरकुर करत संपवले.

त्या एका मिनिटात सगळं निदान होतं. सशाच्या तोंडात २८ दात असतात आणि सगळे आयुष्यभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर. गवत चावताना खालचा जबडा आडवा, बाजूला घासत फिरतो आणि दाढा एकमेकींवर सपाट झिजतात. पेलेट वरून दाबून फोडली जाते, तिला आडवं घासावं लागत नाही. वर्षानुवर्षं पेलेटवर राहिलेल्या सशाच्या दाढा एका बाजूने वाढतात. खालच्या दाढांची टोकं जिभेकडे, वरच्यांची गालाकडे. टोक जिभेला लागलं की तो गवत टाळतो, गवत टाळलं की दाढा आणखी वाढतात आणि आतडं मंदावतं. दिवाळीला फटाक्यांनी फक्त शेवटचा धक्का दिला होता.

भूल देण्याबद्दल घरच्यांशी मोकळेपणाने बोलले. ब्रिटनमधल्या २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण सशांमध्ये १.४ टक्क्यांच्या आसपास आढळलं होतं, कुत्र्यांमध्ये ०.२ च्या जवळ. धोका आहे. तो कमी करता येतो: आधी पाणी भरून काढून, भुलीत अंग ऊबदार ठेवून, ऑक्सिजन देऊन, भुलीतून बाहेर येईपर्यंत शेजारी बसून. आणि मुख्य म्हणजे उपाशी न ठेवून. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू का, असं आजींनी विचारलं, कारण कुत्र्याच्या वेळी तसं सांगतात. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्यात फायदा नाही, उलट आतडं थांबण्याचा धोका वाढतो. भुलीच्या तासभर आधीपर्यंत त्याच्यासमोर चारा होता. मग तोंड पुसून घेतलं.

तोंड उघडून पाहिल्यावर डाव्या बाजूचं टोक दिसलं तसंच निघालं, आणि उजव्या बाजूलाही एक होतं, जे जाग्या तपासणीत दिसलं नव्हतं. डाव्या टोकाने जिभेच्या कडेला जखम केली होती, कडा पांढरी पडलेली. टोकं बारीक ड्रिलने घासून काढली. दाढा कात्रीने तुटतात, पण त्यात त्या उभ्या चिरतात आणि मुळाशी पू होतो; ते करू नये. डोक्याच्या एक्स-रेत खालच्या दाढांची मुळं थोडी लांबलेली दिसली. म्हणजे दाढा पूर्ण सरळ होणार नाहीत, टोकं परत येणार. हे मी घरच्यांपासून लपवलं नाही.

दोन तासांनी त्याने दूर्वा खाल्ली. पानं आणि देठ, दोन्ही.

चारा

यावर सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं आणि इथेच खरा उपचार होता. सशाच्या रोजच्या खाण्यात चार-पंचमांशाहून जास्त भाग गवताचा हवा, ओलं किंवा वाळकं, आणि ते सदैव समोर हवं. परदेशी टिमोथी गवत चांगलंच आहे, पण महाग, आणि पार्सल अडकलं की ससा पेलेटवर येतो. महाराष्ट्रात गवताला तोटा नाही. मारवेल, पवना, डोंगरी गवत, दूर्वा, नेपियरची पात, हे सगळं चालतं. सुनेचं माहेर भोरकडचं. तिथे दिवाळीच्या आगेमागे माळावरचं गवत कापून गंजी रचतात. दोन पोती तिथून आली.

आणताना तीन गोष्टी पारखायला सांगितल्या. कुसळी गवत नको. त्याची कुसळं जिभेखाली आणि हिरड्यांत रुततात आणि ज्याच्या तोंडात आधीच जखम आहे त्याची आणखी वाट लागते. गाजरगवत एकही काडी नको. नावात गाजर आहे म्हणून सशासाठी खुडून आणणारे लोक मला भेटले आहेत, ते विषारी आहे. आणि ज्वारीचा कोवळा हिरवा पाला नको, गुरांना जशी किराळ (कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा) लागते तशी सशालाही बाधू शकते. लसूणघास प्रौढ सशाला रोज नको. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त, ते वाढत्या पिल्लांचं आणि गाभण मादीचं खाणं. मंदिरापाशी मिळणारी दूर्वांची जुडी उत्तम, फक्त धुऊन आणि शक्यतो रोजच्या ओळखीच्या बाईकडून.

पेलेट्स एकदम बंद केल्या नाहीत. दोन आठवड्यांत उतरवत दिवसाला ४० ग्रॅमच्या आत आणल्या. हिरव्यात कोथिंबीर देठासकट, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला. गाजर म्हणजे गोड. आठवड्यातून एखादी चकती. पोहे, चपाती, चुरमुरे, बिस्किटं कायमची बंद. आजींना हे जड गेलं. "एवढंसं तोंडात घेतो आणि वर बघतो हो," त्या म्हणाल्या. त्यांना मी गाजराचा पाला हाताने भरवायला सांगितलं. वर बघणं तेवढंच असतं.

घरात आता एक वही आहे. आजी रोज लेंड्यांचा आकार लिहितात: मोठ्या, मध्यम, बारीक. रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. वजन १.८ वरून २.१ किलो झालं आहे आणि दाढांची टोकं दोनदा परत काढावी लागली, दोन्ही वेळा वहीत 'मध्यम' दिसू लागल्यावर, खाणं सुटायच्या आत. पुढच्या दिवाळीला त्याला लक्ष्मीपूजनाच्या दुपारपासूनच मागच्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून ठेवायचं ठरलं आहे, ओळखीच्या गवताच्या ढिगासह.

सध्या त्यांना पावसाची चिंता आहे. भोरचं गवत पोत्यात आहे आणि पुण्याच्या दमट हवेत जुलैपर्यंत त्याला बुरशी धरते. बुरशीचं गवत देण्यापेक्षा न दिलेलं बरं, पण न देणं हा पर्याय कापूसला नाही. म्हणून पोती जमिनीवरून उचलून फळीवर ठेवली आहेत, वरची तोंडं उघडी, मेच्या उन्हात दोनदा पसरून वाळवली आहेत, आणि पावसाळ्यासाठी गॅलरीतल्या दोन पसरट कुंड्यांत दूर्वा लावली आहे. दाढांची पुढची तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे.